आधी गाणं संपव

९ जानेवारी

चि. पेटीवाल्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. रागावलास तरी इतक्या लांबून माझं काय करणार आहेस? चिमणी नोकरी सांभाळून माझं सगळं करते. लेक म्हणून गोड आहे, पण औषधं देताना अगदी हेडमास्तरीण.

डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या आहेत. चिमणी म्हणते, सुधारणा आहे म्हणून. मी तीस वर्षं हॉस्पिटलच्या वॉर्डात काढली, गोळ्या केव्हा कमी करतात ते मला कळतं. म्हणून आता आडपडदा न ठेवता विचारते. पन्नास वर्षं तू चर्चमध्ये पेटी वाजवलीस, पण प्रभूला कधी हो म्हणालास का? दर रविवारी पाळक बोलावतात, येशू तुमच्यासोबत जेवायला बसू इच्छितो, ज्याला यायचं त्याने पुढे यावं. तू गेल्याचं मला आठवत नाही. मी आता लवकरच त्या पंगतीला जाऊन बसेन. शेजारची जागा धरून ठेवू की नको, तेवढं कळव.

लोभ आहेच, राहिलेले दिवस तो जरा जास्त कर.

तुझी,
ताई

१७ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दिवसभर दुकानात नुसता बसून राहिलो. तसा हल्ली बसूनच असतो. हात इतके थरथरतात की बाइंडिंगची सुई ओवता येत नाही. पेटीवरून तर गेल्या महिन्यातच मला उठवलं, फार गोड बोलून, हातात फुलांचा गुच्छ देऊन. आता गाण्याच्या बाई वाजवतात. शाळेत गाणं शिकवतात त्या. चांगलं वाजवतात, त्याचाच राग येतो.

विचारलंस म्हणून खरं सांगतो. प्रभूला हो असं मी कधीच म्हणालो नाही. बोलावणं झालं की शेवटचं गीत सुरू होतं, आणि ते मी वाजवत असे. लोक रडत पुढे येऊन गुडघे टेकायचे, मला त्यांच्या बुटांच्या टाचा दिसायच्या. वाजवणारा उठला तर गाणं बंद पडतं. आता बाकावर रिकामा बसून तेच बोलावणं ऐकतो, तर शेजारच्या घरची बेल वाजावी तसं वाटतं.

अकरा वर्षांचा असताना एकदाच, वाजवता वाजवता, कुणीतरी माझं नाव घेतल्यासारखं वाटलं होतं. मी बसून राहिलो. त्यानंतर कधी नाही. एकदा बोलावलं, मी गेलो नाही, विषय मिटला. तेव्हा जागा धरू नकोस ताई. दुसऱ्या कुणाला तरी होईल.

पाय गरम पाण्याने शेकत जा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
भाऊ

२५ जानेवारी

चि. भावास,
अनेक आशीर्वाद.

अक्षर चिमणीचं आहे, बोलते मी. तिला बजावलं आहे, एकही शब्द सुधारायचा नाही.

तू बसून राहिला नव्हतास. तुला अर्धंच आठवतं. तेव्हा तुझे पाय पायपेटीच्या पट्ट्यांपर्यंत पोचत नसत. मी खाली बसून हातांनी पट्ट्या दाबायची आणि तू वर वाजवायचास. त्या दिवशी गाण्याच्या मध्येच तू हात उचललेस आणि स्टुलावरून उतरलास. तुझा चेहरा मी पाहिला रे. तू कुठे निघालास ते मला कळलं होतं. पण आई पहिल्या बाकावर बसली होती, सगळे वळून बघत होते, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तुझ्या स्वेटरची बाही ओढली आणि म्हटलं, आधी गाणं संपव. तू शहाणं पोर. बसलास आणि संपवलंस. तोवर पाळक आशीर्वाद देऊन मोकळे झाले होते.

पन्नास वर्षं हे माझ्या घशात अडकलं आहे. देवाची माफी मागितली, तुझी मागायची राहून गेली. येत्या रविवारी ऊठ. मी असेपर्यंत ऊठ.

हे कळूनही लोभ ठेवता आला तर ठेव.

ताई

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

राग आला. तुझं पत्र दोन दिवस खळीच्या डब्याखाली दाबून ठेवलं होतं. मग आईची नजर आठवली आणि वाटलं, तुझ्या जागी मीही बाहीच ओढली असती.

काल उठलो. बोलावणं झालं, गीत सुरू झालं, मी बाकाच्या कडेने निघालो. आता हस. मी पुढे पोचतो तोच गाण्याच्या बाईंनी मला पाहिलं आणि त्यांना वाटलं, मला वाजवायचं आहे. बिचाऱ्या लगेच उठल्या, हसून स्टूल पुढे केलं. पाळकसाहेबांनीही हाताने खूण केली, बसा बसा. गाणं थांबलं होतं, सगळे माझ्याकडे बघत होते. ताई, मी बसलो. चारही कडवी वाजवली, निम्मे सूर चुकीचे. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण त्याचं कारण वेगळं होतं.

नंतर पाळकसाहेबांना गाठून खरं काय ते सांगितलं. त्यांनी पाठ थोपटली. म्हणाले, पन्नास वर्षं देवाच्या घरातच आहात, तुम्हाला आणखी कुठे यायचंय? मग म्हणाले, चहा घ्या.

या खेपेला बाही कुणी ओढली नाही. माझा मीच बसलो. तेव्हा तू सुटलीस, एवढं तरी चांगलं झालं. जागा मात्र सोडून दे.

लोभावर माझा हक्क नाही, तरी मागतो.

तुझा,
भाऊ

१० फेब्रुवारी

ती. मामांस,
चिमणीचा सा. न. वि. वि.

आई शुक्रवारी सकाळी गेली, त्या दिवशी फोनवर तेवढंच सांगता आलं. म्हणून राहिलेलं लिहिते. तुम्हाला प्रवास झेपणार नाही हे तिलाही ठाऊक होतं, मनाला लावून घेऊ नका.

तुमचं पत्र मी तिला गुरुवारी वाचून दाखवलं. चहाचं ऐकून ती हसली, मग बराच वेळ रडली. आपण सुटलो हे तिला काही पटलं नाही. मला कागद घ्यायला लावला आणि सांगितलं, त्याला लिही, आता पट्ट्या दाबायला मी नाही, गाणं तुटू दे. आणखी काही सांगायचं होतं, पण ती दमली.

मामा, आता माझ्याकडे लक्ष असू द्या.

तुमची,
चिमणी

१७ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
मामाचे आशीर्वाद.

काल पुन्हा उठलो. बाईंनी पुन्हा स्टूल पुढे केलं. मी बसलो नाही. त्यांना काय करावं कळेना, पाळकसाहेबांनाही कळेना. गाणं दुसऱ्या कडव्यातच तुटलं. मी पुढे जाऊन उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, मी आलो आहे.

पोरी, तुझ्या समाधानासाठी काहीतरी चांगलं लिहिणार होतो, पण खोटं कशाला लिहू? अकराव्या वर्षी जे ऐकलं होतं ते ऐकू आलं नाही. काहीच आलं नाही. थरथरते हात घेऊन नुसता उभा होतो. कुणी बाही ओढली असती तरी बरं वाटलं असतं.

मी आलो, हे तुझ्या आईला कळवायचं राहिलं. शेवटच्या पत्रात मी तिला जागा सोडून दे म्हणून सांगितलं होतं. जन्मात तिने माझं कधी ऐकलं नाही, आता त्याच भरवशावर आहे.

पत्र टाकत जा. लिहिणारं आता दुसरं कुणी नाही.

तुझा,
मामा