डावीकडची फुली

सोमवार, ३ जून
सव्वीस वर्षं प्लास्टिक सर्जरी करतोय, आणि आज आमची नवी डॉक्टर मला सांगते, गुरुवारच्या पेशंटचा सीटी स्कॅन करू या. पेशंट म्हणजे गणिताच्या बाई. कॅन्सरमुळे एक स्तन काढलाय. पोटावरची कातडी-चरबी रक्तवाहिनीसकट उचलून छातीवर बसवायची, म्हणजे फ्लॅप. वाहिनी चांगली निवडली तर जगतो, नाहीतर काळा पडतो. चांगली वाहिनी कुठे असते ते माझ्या बोटांना कळतं. या पिढीला फोटोशिवाय स्वतःचं नाक सापडत नाही. आजपासून हिचं नाव स्कॅनवाली.

मंगळवार, ४ जून
स्कॅन झालाच. बाईंनीच होकार दिला. मी बघणार नाही. संकल्प.
संध्याकाळी एका समारंभाला. बायको म्हणाली, मोबाइलवर मॅप लावा. मी म्हणालो, शहर तोंडपाठ आहे. आइस्क्रीमला पोहोचलो. रस्ते खोदून ठेवलेत त्याला मी काय करू?

बुधवार, ५ जून, दुपारी २.१०
रेडिओलॉजिस्ट जेवायला गेल्यावर स्कॅन बघितला. फक्त चुका काढायला. आणि सापडली! स्क्रीनवर घसघशीत वाहिनी ढळढळीत डावीकडे, आणि स्कॅनवालीने बाईंच्या पोटावर फुली मारलीय उजवीकडे. स्वतःचा स्कॅन वाचता येत नाही!
डावीकडे मोठी फुली मारली, तिची पुसायला लावली. ती म्हणाली, सर, एकदा रेडिओलॉजिस्टशी बोलता का. कशाला बोलू? बाईंनी विचारलं, दोन फुल्या कशासाठी. म्हणालो, एक चूक, एक बरोबर. स्पिरिटने घासूनही तिची फुली पुरती जाईना. हट्टी मार्कर.

गुरुवार, ६ जून
डावीकडे दोन तास शोधलं. दोऱ्याएवढ्या वाहिन्या. या बाईंची शरीररचनाच नियमाला धरून नाही. भीती वाटली. इथे लिहायला हरकत नाही, चांगलीच वाटली. फ्लॅप काळा पडला तर बाईंना सांगणार काय?
स्कॅनवाली नुसती त्या पुसट फुलीकडे बघत होती. शेवटी मीच, अनुभवाच्या जोरावर, उजवीकडे बघायचं ठरवलं. वाहिनी बरोबर फुलीखाली. फ्लॅप गुलाबी.

शुक्रवार, ७ जून
कँटीनमध्ये रेडिओलॉजिस्ट म्हणाला, पेशंटच्या पायाशी उभं राहून बघावं तसा स्कॅन दिसतो. स्क्रीनची डावी ती पेशंटची उजवी. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही शिकवतात म्हणे. मी त्या दिवशी आजारी असणार.

सोमवार, १० जून
राउंड. फ्लॅप छान. बाईंनी विचारलं, मग त्यातली चूक फुली कोणती होती?
मी घसा साफ करेपर्यंत स्कॅनवालीच बोलली. दोन्ही बरोबर होत्या म्हणे, सरांनी नुसती खात्री करून घेतली.
आधी तिचा राग आला, मग स्वतःची लाज वाटली. बाई तीस वर्षं वह्या तपासताहेत. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदा बघितलं आणि थँक्यू तिला म्हणाल्या.