पान तेरा, पान चौदा

११ मे १९८६

कथा परत आली! सलग सातवी. बोरिवलीहून मुलुंडला गेली आणि आठ दिवसांत माहेरी हजर. परतीचं तिकीट लावलेलं पाकीट आपणच आत घालायचं — म्हणजे आपल्याच खर्चाने आपला अपमान घरपोच. आत 'साभार परत'ची छापील चिठ्ठी, खाली संपादक केरकरांच्या लाल शाईत उपदेश: 'विशेषणं निम्मी करा.'

शुभाने पहिल्या पानावरची मोजली. एकतीस. "अहो, एकट्या चंद्रालाच पाच आहेत!" बायको आहे की परीक्षक?

१ जून

विशेषणं निम्मी करून तीच कथा पुन्हा पाठवली होती. 'मढच्या बंगल्यातली ती'. चित्रकार विक्रांत, खिडकीत समुद्र, आणि क्षयाने खंगत चाललेली मोहिनी. शेरा आला: 'तुम्ही मढला किती दिवस राहिलात? तुमची पात्रं दिवसभर करतात काय? एखाद्याला तरी काम द्या.'

एक दिवस राहिलो! ऑफिसची सहल होती. वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासाने आमच्या सहदेवला उलटी झाली. ते लिहू का?

एका दिवाळी अंकासाठी किती हा छळ! पण ऑफिसात सगळ्यांना सांगून बसलोय, यंदा दिवाळीला माझी कथा येतेय म्हणून. चाळिशी उलटली. यंदा नाही तर बहुतेक कधीच नाही. हे फक्त इथे लिहितो.

८ जून

शुभाचा भाऊ श्यामकांत आला होता. तो टेकतोय तोच बाबांनी त्याच्या सदऱ्याचं टोक चिमटीत धरलं. "ह्यां सुती न्हय. टेरीकॉट आसा. घाम धरतला." चौतीस वर्षं गिरणीच्या फोल्डिंग खात्यात कापड तपासलं. संपात गिरणी गेली, बोटांची सवय काही जात नाही. दूधवाला, पोस्टमन, कोणाला म्हणून सोडत नाहीत. श्यामकांत बिचारा पोट आत ओढून उभा!

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्यांसमोर ओरडलो. "लोकांच्या अंगाला हात कसले लावता? गिरणी संपली आता!" बाबा गॅलरीत जाऊन बसले. जेवायलाही उशिरा आले.

१५ जून

काम करणारं पात्र हवं ना केरकर? घ्या! बंगल्याला माळी दिला. गिरणीतून सुटलेला, आल्यागेल्याचे सदरे चाचपणारा. एकदा पाहुण्यांसमोर त्याचा मुलगा, बाबांच्या मालवणीत झील, त्याला नको ते बोलतो. पान तेरा, पान चौदा. अर्ध्या तासात खरडलं. विशेषणं सुचली नाहीत, तशीच सोडली.

शुद्ध भरताड! पण आता वीस पानं भरली. आणि पंधराव्या पानावर मोहिनी पुन्हा खोकते, कथा रुळावर येते.

२३ जून

सहदेव म्हणाला, "तो वाचतच नाही रे! दोन पानं चिकटवून पाठव यार. तशीच परत आली की धर त्याची कॉलर."

गोंदाची बाटली शोधत होतो तर शुभा म्हणाली, "गोंद कशाला? भाताची दोन शितं लावा. कोणाच्या बापाला कळायचं नाही." या बाईने लिहायला घेतलं तर आमची काही खैर नाही.

कुठली चिकटवावी? मोहिनीची नको, सोडवताना फाटली तर! तेरा-चौदा. तिथे तसंही काही घडत नाही.

२६ जुलै

पकडला! तेरा-चौदा घट्ट चिकटलेली, जशीच्या तशी! आणि वर शेरा काय, तर 'स्वतःची कथा एकदा शेवटपर्यंत वाचा.' न वाचणारा मला वाचायला सांगतोय!

गठ्ठा ऑफिसात नेला. सहदेवने तो टेबलाटेबलावर फिरवला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कोणी काम केलं नाही. झकास दिवस!

२८ जुलै

केरकरांना पोस्टकार्ड टाकलं. मुद्दाम कार्डच, पोस्टमनलाही वाचू दे. 'आपण न वाचता शेरे मारता याचा पुरावा माझ्यापाशी आहे. आपल्याला कथेतलं शष्प कळत नाही.'

शुभा म्हणाली, "शेवटचं वाक्य काढा हो." का म्हणून? विशेषण एकही नाही त्यात!

५ ऑगस्ट

केरकरांचं उत्तर. 'वाचलीत का?' बस्स, एवढंच. फाडून टाकलं.

१७ ऑगस्ट

काही लिहिलं नाही. ऑफिसात सहदेव विचारतो, "मग, यंदा कुठे येतेय कथा?" हसून विचारतो, मेला.

३१ ऑगस्ट

पुढच्या रविवारी गणपती, म्हणून साफसफाई. कथेचा गठ्ठा रद्दीत बांधायला बाबांकडे दिला. त्यांनी सवयीने पानांच्या कडेवर अंगठा फिरवला आणि मध्येच थांबले. "ह्यां पान दुप्पट आसा रे." नखाने अलगद सोडवलं. कुठे फाटलं नाही.

तेराव्या पानाच्या कोऱ्या पाठीवर लाल शाई.

'शितं वाचून झाल्यावर मीच पुन्हा लावली. तुमची कथा या दोन पानांत आहे. बाकीची अठरा काढा आणि माळ्याचीच लिहा. १५ ऑगस्टपर्यंत पाठवा, जागा ठेवतो.'

आज एकतीस.

मी कार्डावर काय लिहिलं होतं ते आठवत उभा राहिलो. तोवर बाबांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली. सावकाश, ओळीवर बोट ठेवून. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "मगे झिलान काय केल्यान?"

पंधराव्या पानावर मोहिनी खोकते.