बावीस लग्नं आणि एक काळी डबी

चि. चांगदेव यास,

पन्नाशी उलटलेल्या माणसाला चि. लिहिताना पेन अडखळतं, पण तू माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, तेव्हा तिरडीवर चढेपर्यंत चि.च राहशील. इकडे मी खुशाल आहे. तुझा गुडघा कसा आहे? चौलच्या वाडीत नारळ पाडायला माणूस मिळतो का, की अजून खाली उभा राहून वरच्याला अक्कल शिकवतोस? तुझ्या कारभारणीला, सुचिताला, आशीर्वाद सांग. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून.

तर झालं असं की केतनने मला एक डबी आणून दिली. काळी, साबणाच्या वडीएवढी. (मीडिया प्लेअर म्हणायचं. माझा हा मुलगा न्हावा शेव्याला हजारो कंटेनरांतला एक नेमका शोधून देतो, पण घरात बाप कुठे अडकलाय ते त्याला दिसत नाही.) डबी टीव्हीला जोडायची, वायफायवर चालवायची, म्हणजे आतल्या खोलीतल्या डिस्कमध्ये जे भरलंय ते ओटीवर बसून बघता येतं. हट्ट माझाच होता. पुढच्या महिन्यात कमळला जाऊन वर्ष होईल. तुझी बहीण अख्ख्या पंचक्रोशीची धवलारीण. तिने धवल्याची गाणी म्हटल्याशिवाय आपल्या आगऱ्यांच्या मांडवात हळद पुढे सरकत नव्हती. आणि चांगदेव, तुला म्हणून सांगतो, मला तिचा आवाज आठवेनासा झालाय. तोंड दिसतं, लुगड्याचा काठ दिसतो, आवाज काही केल्या येत नाही. म्हणून गावभर दारोदार फिरून मी लग्नांच्या सीड्या गोळा केल्या. बावीस भरल्या. (देताना दहादा बजावतात, दत्तूशेट, जपून हां! आणि काढतात कुठून, तर तांदळाच्या पिंपामागून.) केतनने त्या डिस्कमध्ये उतरवल्या, मला दोनदा दाखवलं आणि ड्युटीवर गेला.

पहिले दोन दिवस टीव्ही एकच वाक्य दाखवत होता, डिस्क सापडत नाही. अरे, आतल्या खोलीत पंख्याखाली पडलीये ती! मला दिसते, तुला दिसत नाही? तिसऱ्या दिवशी फोनवर दोन टीव्हींची नावं आली. मी वरचं दाबलं. आता वायफायचं आपल्याकडे विरजणासारखं आहे, शेजारीण वाटी घेऊन आली की नाही म्हणता येत नाही, त्यामुळे शेजारच्या मनुबाईचा टीव्हीही आमच्याच वायफायवर. ती बिचारी मालिका बघत बसलेली. नायिका गेली आणि तिच्या जागी हळदीने माखलेली कमळ आली, थेट मनुबाईकडे बघत. मनुबाईने जी आरोळी ठोकली ती धक्क्यावर ऐकू गेली असेल. लिंबू उतरवलं, मीठ-मिरच्या जाळल्या, आणि तासाभरात आमच्या ओटीवर कमळचं पितळी पातेलं परत आलं, जे सहा वर्षांपूर्वी नेलं होतं. कमळने जिवंतपणी चार वेळा मागितलं होतं. मेल्यावर एका झटक्यात मिळालं.

मग सगळं सुरळीत झालं. केतन फोनवर विचारतो, बाबा, क्वालिटी कशी आहे? म्हटलं, उत्तम. चित्र कुठे अडकत नाही, आवाज खणखणीत. फक्त तो कमळचा नाही. आठ दिवस बसून मी बावीस लग्नं पाहिली. प्रत्येकात ती आहे, बायकांच्या मधोमध, डोळे मिटून गातेय, आणि वर त्या मेल्या कॅमेरावाल्याने सिनेमाची गाणी चिकटवलीयेत. बावीसच्या बावीस! हळदीला एक गाणं, पाठवणीला एक गाणं. कमळचं तोंड उघडतंय, मिटतंय, आणि आवाज भलत्याचाच. मी त्या माणसाच्या सात पिढ्या उद्धरल्या. शेवटी आमच्या केतनच्या लग्नाची सीडी लावली तेव्हा आठवलं. तिथे मीच त्याला सांगितलं होतं, या बायांचं रडगाणं ठेवू नको, दणदणीत गाणी टाक, चार लोक बघतील. मांडवात सांगितलं, कमळच्या देखत. ती पदर खोचून पुढच्या धवल्याला लागली. मला वाटलं, तिला पटलं.

तेव्हा डबीला दोष नाही. आपण भरलं तेच ती दाखवते. तब्येतीला जप, आणि हे पत्र सुचिताला मोठ्याने वाचून दाखवू नकोस.

तुझा दाजी,
दत्तात्रेय

ता.क. तुझ्या लग्नाची कॅसेट. मांडव कोसळून तू बाशिंगासकट केळीच्या खुंटाखाली सापडलास, आणि लाजेने त्याच संध्याकाळी कॅमेरावाल्याच्या हातून कॅसेट हिसकावून घेतलीस. म्हणजे तिच्यावर गाणी चढलेली नाहीत. सुचिता म्हणाली, कपाटात तळाला आहे. ती घेऊन ये. अलिबागला एकजण डिस्कवर उतरवून देतो. मी तेव्हा हसलो होतो, ते मागे घेतो. आता हसणार नाही.

ता.क. २. वर खुशाल आहे असं लिहिलंय, ते सवयीने.

ता.क. ३. केतनच्या लग्नात दोन गाण्यांच्या मधे जराशी जागा राहून गेलीये. तेवढ्यात कमळ कुणाला तरी विचारते, "अगो, त्या कॅमेरावाल्याला कोनी जेवाला दिलाय का?" की लगेच पुढचं गाणं. बावीस लग्नांत तिचा आवाज एवढाच. मी रोज मागे नेऊन तेवढंच ऐकतो. उत्तर कुणी दिलं का, ते कळत नाही. त्या दिवशी पंगतीत वाढायला तू होतास. कॅसेट नाही सापडली तरी चालेल, पण त्याला जेवायला दिलं होतं का, एवढं कळव.