पडवीत मारलेली हाक

बाई, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. माझेही केस पिकले, पण लांज्याजवळच्या आपल्या आरोग्य केंद्राची पडवी अजून डोळ्यांसमोर आहे. शिमगा जवळ आला की ती बायकांनी भरायची. मुंबईहून चाकरमानी यायचे असत आणि त्याआधी बायकांना दिवस राहू नयेत म्हणून बंदोबस्त हवा असे, तोही घरी कुणाला न कळता. म्हणून तुम्ही सगळ्यांना एकच हाक मारायचात, "चल गो, रक्त तपासूया तुझं." तांबी बसवायची असो की गोळ्या न्यायच्या असोत, पडवीत सगळ्यांचं रक्तच कमी. आत खाटेपुढे आडोशाला तुमचंच जुनं लुगडं टांगलेलं. थंडीत तुम्ही हात आधी गरम पाण्यात धरायचात, मगच बाईला लावायचात.

मी तुमच्या हाताखाली घाटावरून नवीन आलेली नर्स, तोंडाने फटकळ. "तुझा आवाज राजापुरात ऐकू गेला गो," म्हणून हसायचात आणि डब्यातली घावनं माझ्यापुढे सरकवायचात. इतके लाड माझ्या आईनेही केले नाहीत.

त्या दिवशी तुम्ही आत होतात. चार बाळंतपणांनी खंगलेली ती सून आठवते? पाचवं झेपणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गर्दी बघून माझं डोकं फिरलं आणि मी ओरडले, "तांबीवाली कोण? पुढे या!" शेजारी तिची सासू बसलेली, गुडघ्याचं औषध न्यायला आलेली. सुनेचा चेहरा उतरला. "मी जातंय, माजी गाडी चुकंल," म्हणत ती सासूला घेऊन निघालीच. तुम्ही विचारलंत तेव्हा मीही तेच सांगितलं, गाडीची घाई होती.

शिमग्यात तिला दिवस गेले. मार्गशीर्षात तुम्ही दोन दिवस तिच्या उशाशी बसलात. मूल वाचलं, तीही कशीबशी वाचली. परतताना घाटीच्या चढावर दम खात तुम्ही म्हणालात, "माझंच चुकलं गो. मी तिच्या मागून घरी जायला हवं होतं."

मग निवृत्त होईपर्यंत, न तपासता परत गेलेल्या प्रत्येक बाईच्या घरी तुम्ही चालत गेलात. पायांना सूज असतानाही. मी तुमची पिशवी घेऊन सोबत असायचे.

बाई, ती गाडीसाठी गेली नव्हती. तिला मी घालवलं होतं.