चाळीस निर्दोष वाक्ये

१ जून, सकाळी ७
सिद्ध करावयाचे ते असे: ज्याला वाक्यरचना अवगत, त्याला भाषा अवगत. लेकीची पाच वर्षांची मुलगी केवळ डच बोलते. ऑगस्टअखेर नऊ दिवसांसाठी येते आहे. तोवर मी तिच्याशी अस्खलित बोलू लागेन. बत्तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले. एका भाषेची काय कथा!

४ जून
पहिला धडा. क्रियापद दुसऱ्या जागी: 'आज पितो मी कॉफी.' आमच्या हिने विचारले, पिणार आहात की नुसतीच मांडून ठेवणार? गार झाली होती.

१९ जून
'कारण'नंतरच्या वाक्यात क्रियापद शेवटी जाते. अर्थात मराठीच! म्हणजे निम्मी भाषा मला जन्मतःच येत होती. आठवडाभर सुटी घेण्यास हरकत नाही.

५ जुलै
फोनवर नातीने काहीतरी विचारले. उत्तराची मांडणी उत्तम झाली. क्रियापद बसवेपर्यंत ती पळाली. लेक म्हणाली, बाबा, रेंज गेली होती का? मी नाही म्हटले नाही.
हिला डचचा गंध नाही. फोनपुढे टोमॅटो नाचवते, चिमणे, सांग बघू हे काय, म्हणते आणि दोघी खिदळतात. याला अध्यापन म्हणत नाहीत.

११ ऑगस्ट
नियम केला: सदोष वाक्य तोंडातून काढायचे नाही. चाळीस निर्दोष वाक्यांची चाळीस कार्डे तयार, अनुक्रमांकांसह.

२८ ऑगस्ट
आली. दारातच पाय पुढे करून बुटांबद्दल काही म्हणाली. बुटांचे कार्ड सतरावे. सापडले तेव्हा ती अनवाणी स्वयंपाकघरात पोचली होती. प्रवासाने दमली असणार, उद्यापासून सुरुवात.

१ सप्टेंबर, दुपारी
'तुला सफरचंद खायचे आहे का?' निर्दोष जमले. म्हणायला गेलो, तर तिने खाऊन उरलेला गाभा माझ्या हातात ठेवला. ही म्हणाली, वरातीमागून घोडे.

६ सप्टेंबर
गेल्या मायलेकी. निघताना नातीने आईला काही विचारले. लेकीने हसू दाबत अर्थ सांगितला: आजोबांना बोलता येत नाही का? ही म्हणाली, येतं की, पण ते आधी लिहून काढतात. मग नात माझ्यापाशी आली आणि बहिऱ्याशी बोलावे तसे, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत मराठीत म्हणाली: आजोबा, पाणी पाहिजे तू? आणि ग्लास भरून आणला. वाक्य सपशेल सदोष होते. मला तहानही नव्हती. सगळे पाणी प्यालो.

प्रमेय मागे घेत नाही. चूक मात्र एक झाली, ती नोंदवतो: नऊ दिवसांत माझ्या तोंडून एकही चुकीचे वाक्य गेले नाही.

(सही)
आजोबा