साडूंनी पाठवलेला खुराक

४ नोव्हेंबर, मंगळवार
चंद्रा सकाळपासून बसून आहे. घोडी अशी बसली की काहीतरी बिनसलंय, एवढं एस.टी.तून रिटायर होऊन घोड्या पाळणाऱ्या माझ्यासारख्या कंडक्टरलाही कळतं. अंगावर बादली ओतावी तसा घाम, आणि हवा तर गार. धरून उठवली तर मागचे पाय भलतीकडे पडतात. सलीमभाईंचा जन्म घोड्यांत गेला, माझ्या तिन्ही घोड्या वरातीत नाचायला शिकवल्या त्या त्यांनीच. तेही म्हणाले, "भाऊ, ऐसा कभी देखा नहीं," एवढंच.

हिरा आणि मैना उभ्या आहेत, पण घमेल्याकडे बघत नाहीत. जनावरांच्या डॉ.बाई जळगावला मीटिंगमध्ये. संध्याकाळी येते म्हणाल्या.

५ नोव्हें.
चंद्रा गेली. सकाळी सहाला. जेसीबी बोलावून नाल्याकडे खड्डा घेतला. आठ वर्षांत धरणगावातले अर्धे नवरदेव तिच्या पाठीवर बसले असतील. खड्ड्यापाशी सलीमभाई, मी आणि जेसीबीवाला.

डॉ.बाईंनी काल पोटशूळ समजून सुई दिली होती. आज आल्या आल्या खुराकाचं पोतं मागितलं. हातावर चोळून वास घेतला. कुठला? म्हटलं, आमच्या साडूंच्या मिलचा, धुळ्याचा. तिथे कोंबड्यांचं खाद्यही करतात का? करतात. मशीन वेगळं? नाही, एकच.

मग त्यांनी सांगितलं. कोंबडीच्या खाद्यात हगवणीवरचं एक औषध मिसळतात. कोंबडीला ते लागतंच, गाई-म्हशींनाही थोडंफार चालतं. घोड्याला नाही. घोड्याच्या काळजाचं मांसच मारतं. मशीन न धुता त्यातच आपला खुराक काढला असणार. यावर उतारा काय, विचारलं. नाही म्हणाल्या.

दिवाळीची भेट म्हणून आलेली चार पोती. वर उधळलेला घोडा छापलेला. घोड्यांचा खुराक हा साडूंचा नवा धंदा, आणि पहिलं गिऱ्हाईक घरचं. (यापुढे नुसतं 'सा.' लिहीन. पूर्ण शब्दाची त्यांची लायकी नाही.)

आणि एक गोष्ट डॉ.बाईंना सांगितली नाही, इथे लिहितो. तिघीही त्या खुराकाला तोंड लावत नव्हत्या. नाक फुगवून मागे सरायच्या. मला वाटलं, नखरे. बायकोच्या बहिणीच्या घरून आलेलं, टाकायचं कसं? मी गूळ कालवला. हाताने चारला.

६ नोव्हें.
हिराची लघवी काळ्या चहासारखी. डॉ.बाईंनी नाकातून नळी घालून कोळशाची पूड आणि तेल पोटात सोडलं. सलाईन. मी बाटली धरून उभा. हिरा माझ्या खांद्यावर डोकं टाकून होती, सगळा भार माझ्यावर. चालवायचं नाही, दचकवायचं नाही, फक्त पाणी आणि वाळला चारा. मैनालाही डॉ.बाईंनी तेच केलं, थोड्या प्रमाणात.

८ नोव्हें.
हिरा गेली. पाच वर्षांची होती.

सा.ना फोन केला. आधी हळहळले. मग मी मशीनचं बोललो. लगेच आवाज बदलला. "भाऊ, हजार ठिकाणी जास मन्हा माल. बठ्ठासले चालस, तुमनाच घोड्यासले कसा लागना?" सगळ्यांना चालतो म्हणे! मग म्हणाले, तुमच्या घरात दुःख आहे, मी राग मानत नाही. माझ्यावर उपकारच केले.

१२ नोव्हें.
आज कळलं, सा.च्या मिलची पोती गावात लोटन आबांकडेही आली होती, त्याच दिवशी, त्याच गाडीने. म्हशीसाठी. धावत गेलो, म्हशीला थोडंफार चालत असलं तरी चारू नका सांगायला. आबा खाटेवर बसलेले. "मन्ही म्हैस तेच खास. दूध उलटं वाढनं." दाखवायला बादली पुढे केली. म्हैस रवंथ करत माझ्याकडे बघत होती. गाई-म्हशींना चालतं, घोड्याला चालत नाही, असं मी सांगायला लागलो, तर तिथे बसलेले दोघे हसले. एक म्हणाला, घोडी मोठ्या घरची दिसस.

आता गावात माझं नाव काय झालं असेल ते विचारायची गरज नाही. साडूच्या पोटावर पाय देणारा.

१८ नोव्हें.
खुराकाचा नमुना लॅबला पाठवला होता त्याचा रिपोर्ट आला. प्रथिने योग्य. तंतू योग्य. ओलावा योग्य. ते औषध आहे की नाही, हे बघितलंच नाही. विचारलं तर म्हणे, या फॉर्मवर तो रकाना नाही, ती तपासणी दुसरीकडे होते. कुठे, ते त्यांना माहीत नाही. डॉ.बाईंनी कागद दोनदा वाचला आणि घडी घालून परत दिला. सा.कडे याची झेरॉक्स माझ्या आधी पोचलेली. कशी, देव जाणे.

२१ नोव्हें.
मैना खाते. खरारा केला की अंग चमकतं. आज मला बघून खिंकाळली. मी पागेत बसून रडलो, सलीमभाई बघून न बघितल्यासारखे बाहेर गेले.

डॉ.बाई दुपारी आल्या. बराच वेळ नळी छातीला लावून ऐकत राहिल्या. "ठोका चुकतोय." काळजाचा काही भाग मेलाय, तो परत येत नाही. अशी पागेत उभी राहिली तर दहा वर्षं जगेल. पाठीवर माणूस, समोर बँड, नाचवणं म्हटलं तर कुठल्याही पावलाला जागेवर कोसळेल. किंवा नाही कोसळणार. सांगता येत नाही.

लिहून द्या म्हटलं. काळजाची सोनोग्राफी केल्याशिवाय असं लिहिता येत नाही, आणि घोड्याची ती इकडे कुठे होत नाही. बाईंचं चुकत नाही. पण माझ्या हातात कागद म्हणून काय, तर ओलावा योग्य.

२३ नोव्हें., रविवार
सा. सहकुटुंब हजर. मुलाच्या, चेतनच्या लग्नाची पत्रिका घेऊन. पेढे. माझ्या बायकोला, मंदाला, बहिणीने मिठी मारली, दोघी आत रडल्या. सा. पागेत. मैनाच्या मानेवर थोपटून म्हणाले, "देखा? कशी टकाटक शे." मग, चेतनची मिरवणूक हिच्यावरच. धुळ्यात देवपूरभर फिरवू, ड्रोन सांगितलाय. "लोकसले बी देखू द्या, आमना खुराक खायेल घोडी कशी नाचस." लग्नाच्या पुढच्या आठवड्यात सारंगखेड्याच्या घोडेबाजारात त्यांचा स्टॉल आहे, तिथे ते शूटिंग दाखवणार.

मी तोंडावर सांगितलं, घोडी पडेल. पडेल आणि पोराला घेऊन पडेल. ते हसले. चंद्रा म्हातारी होती, हिरा जन्मतःच कमजोर होती, असं त्यांनीच मला समजावलं. माझ्या घोड्या, मला.

२४ नोव्हें.
मंदा बोलली ती एवढंच: "माझ्या भाच्याच्या लग्नात एक घोडी देता येत नाही तुम्हाला?" मी काळजाचं सांगितलं. "कागदावर तसं कुठे आहे?" तिचाही माझ्यावर विश्वास नाही. चौतीस वर्षांचा संसार.

२७ नोव्हें.
शेवटी चेतनलाच फोन केला. गुणी पोरगा. शांतपणे ऐकून घेतलं. "काका, डॉक्टरांनी लिहून दिलंय का?" नाही. "मग पप्पांना काय दाखवू?" म्हटलं, तू स्वतः नाही म्हण, गाडीतून जा. मग म्हणाला, काका, माझ्या लग्नात मी काहीच ठरवलेलं नाही, मुलगीसुद्धा. आणि ठेवला.

सलीमभाईंना विचारलं, नेणार का? "आप बोलोगे तो ले जाऊंगा. पर लगाम मेरे हाथ में रहेगी भाऊ. कुछ हुआ तो लोग किसको पकडेंगे?" खरं आहे. हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता, याची लाज वाटली.

२९ नोव्हें., शनिवार
सा.ची पिकअप दारात उभी. बरोबरची दोन माणसं ओट्यावर चहा पिताहेत. मिरवणूक पाचला. आत्ता सव्वाअकरा. मंदा कालपासून धुळ्याला, हळदीला.

सलीमभाईंनी मैनाला धुतली. साज बाहेर काढला तशी ती पाय आपटायला लागली, मान हलवायला लागली. तिला वाटतंय, ती बरी झाली.

मला काय वाटतं ते लिहितो, कारण दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही. नाही पाठवली, तर मी जळका साडू. पाठवली आणि नाचून परत आली, तर मी खोटारडा, आणि ती पोती सारंगखेड्याला आलेल्या घोड्यांच्या पुढ्यात. पाठवली आणि पडली, तर आणि तरच मी खरा. काल दुपारी मी तिला मनात पाडली. बँडसमोर, ड्रोनखाली, सा.च्या पायाशी. चेतन तिच्या अंगाखाली. आणि मला बरं वाटलं. चांगलं मिनिटभर बरं वाटलं.

चेतनला सायकल मी शिकवली आहे.

सलीमभाई दोनदा येऊन विचारून गेले, "भाऊ, चढाऊं क्या?" लगाम मी घरात आणून ठेवलाय, टेबलावर, या वहीशेजारी. त्या माणसांचा चहा संपला. सलीमभाई पुन्हा येतायत.