मागच्या सीटवरून

दि. १६, शुक्रवार

माझी लाडकी नात चि. फटफटी हिस,
आजीचे पोटभर आशीर्वाद.

मी मजेत आहे. पाय झकास जुळलाय. जिना तर हरणासारखी चढते-उतरते. इथं हे पत्र लिहून देणाऱ्या शिंपीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आजी, खोटं मी लिहीत नाही." म्हटलं, "उद्या कपडे तयार, असं रोज सांगता ते काय असतं? लिहा."

तुझा बाप सकाळी कामावर जातो, दिवेलागणीला येतो. "जेवलीस का?" "जेवले." झालं आमचं बोलणं. तू त्याला फोन करतेस ते भिंतीपलीकडून कळतं. आजीला फोन दे, असं तू म्हणत नाहीस आणि मीही मागत नाही. हट्टाला दोघी सारख्याच.

तू म्हणे आता तिकडंही कुठल्या गाडीला हात लावत नाहीस. "मला चालवता येत नाही, मी आजीला पाडलं," म्हणालीस म्हणे. तुला काय गं कळतं त्यातलं? तुझ्या आजोबांच्या मागं मी उभा जन्म बसून काढलाय. वळणावर गाडी सरकली की ते ओरडायचे, "पोतं हो!" म्हणजे मी तसूभर हलायचं नाही. स्वतः ब्रेकला पाय लावायचे नाहीत, रेस एकदम सोडायचे नाहीत. हँडल सैल, आणि नजर रस्ता जाईल तिकडे.

त्या दिवशी वळणावर डिझेल सांडलं होतं. मागचं चाक घसरलं ते माझ्या बुडाला तुझ्याआधी कळलं. मी पोतं झाले. आणि तू सगळं बरोबर केलंस, बाई. दाबादाबी नाही, घाई नाही. गाडी सावरत आली होती. तेवढ्यात "आजी!" म्हणून तू मागं वळून पाहिलंस, आणि आपण आडव्या. चालवता येत नाही म्हणून नाही पडलीस. मागं मी होते म्हणून पडलीस. हे मागं बसणारीलाच दिसतं, म्हणून सांगते.

परवा बापानं गाडीला गिऱ्हाईक आणलं. मी काठी टेकत बाहेर आले. म्हटलं, "बघा, हा पाय ह्या गाडीनंच मोडला. अजून जमिनीला लागत नाही." माणूस चहा न घेताच गेला. शिंपीणबाई हसतायत, पायाचं खरं बाहेर पडलं म्हणून. हसू देत. पण रविवारी दुसरा येणार आहे, आणि त्याला काय सांगावं ते सुचत नाही.

दुपारी घर अंगावर येतं. मग मी शेडमध्ये जाते, स्टुलावर पाय देऊन मागच्या सीटवर चढते. चढायला वेळ लागतो, पण मला कुठं घाई आहे. बसून राहते. पुढं कुणी नसलं की हात कुठं ठेवावेत तेच कळत नाही.

रविवारच्या आत ये. चालवू नकोस हवं तर. नुसती पुढं बस.

तुझ्या खांद्यांची सवय लागलेली,
आजी